पाणी आणि हरित विजेत गुंतवणूक: आधी शोधा, पैसे कोण देणार

नवखा माणूस 'सौर ऊर्जेत' किंवा 'पाण्यात' पैसे घालायला निघतो, तेव्हा त्याच्यापुढे खरं तर पाच-सहा अगदी वेगळ्या वस्तू असतात: घराच्या छतावरचे पॅनेल, वीज पारेषणाच्या तारांचं भाडं वाटणारा न्यास, सरकारी वित्तसंस्थेचे किंवा महापालिकेचे रोखे, वीज कंपनीचा शेअर, जलशुद्धीकरणाची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीचा शेअर आणि विजेच्या दरावरचा वायदा, म्हणजे पुढच्या दरावर आज केलेला सौदा. सगळ्यांच्या जाहिरातीत तीच हिरवी पानं आणि निळे थेंब दिसतात, पण जोखीम इतकी वेगळी असते की एकाचे नियम दुसऱ्याला लावले तर पैसे बुडतात.

ऊन आणि वारा फुकट आहेत आणि आपल्याकडे पाणी विकत घ्यायचा बाजार नाही. त्यामुळे यातली जवळजवळ सगळी कमाई शेवटी एका देणेकऱ्यावर उभी असते. तो देणेकरी बहुतेक वेळा राज्याची वीज वितरण कंपनी, महापालिका किंवा एखादी सरकारी योजना असतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहा: हे पैसे कोण देणार, किती वर्षं देणार आणि आजवर वेळेवर देत आला आहे का?

पायरी १: एकक आणि साधा हिशेब

किलोवॅट आणि मेगावॅट ही क्षमता झाली. विकली जाते ती युनिटं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास आणि एक मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिटं. वीज बाजारातले भाव कधी युनिटला रुपयांत, तर कधी मेगावॅट-तासाला रुपयांत लिहिलेले असतात. ४ रुपये युनिट आणि ४,००० रुपये मेगावॅट-तास हे एकच.

क्षमतेवरून उत्पादन काढायला क्षमता वापराचा टक्का लागतो. सौर प्रकल्पात तो साधारण २० ते २५ टक्के धरा. १०० मेगावॅटचा प्रकल्प २५ टक्क्यांनी चालला तर वर्षाला १०० × ८,७६० × ०.२५, म्हणजे २,१९,००० मेगावॅट-तास, अर्थात २१.९ कोटी युनिटं होतात. दर अडीच रुपये असेल तर वर्षाची विक्री ५४.७५ कोटी. समजा, प्रकल्पाचा खर्च ४५० कोटी आहे आणि त्यातले तीन चतुर्थांश कर्जाचे आहेत. ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच ३० कोटींच्या वर जातं आणि व्याजदर एका टक्क्याने वाढला की आणखी ३.४ कोटी लागतात. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करा. पवन आणि सौर कंपन्यांचे शेअर रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या बातमीवर एवढे का हलतात, ते त्यातून कळतं. इथे इंधनाचा खर्च नाही, म्हणून सगळा धंदा भांडवलाच्या खर्चावर चालतो.

त्याच कागदावर पुढची ओळ लिहा: पारेषण वाहिनी कमी पडली आणि ५ टक्के वीज ग्रिडने, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याने, घेतलीच नाही तर? विक्री सुमारे २.७ कोटींनी घटते. इंधन वाचत नसल्याने ही जवळजवळ सगळी घट थेट नफ्यातून जाते. राजस्थानसारख्या उन्हाच्या पट्ट्यात प्रकल्प आधी उभे राहतात आणि तारा मागून येतात, तिथे असं घडतं. कंपनीच्या सादरीकरणात उत्पादन-कपातीचा उल्लेख शोधा. नसेल तर विश्लेषकांसोबतच्या बैठकीच्या शब्दांकनात शोधा.

मेगावॅटचे आकडे वाचताना दोन सापळे असतात. पहिला एसी आणि डीसीचा: पॅनेलची बेरीज डीसीमध्ये असते, ग्रिडला जाते ती क्षमता एसीमध्ये, आणि डीसीचा आकडा नेहमी मोठा दिसतो. दुसरा सापळा महागात पडतो. 'एकूण पोर्टफोलिओ' म्हणून छापलेल्या आकड्यात चालू प्रकल्प, बांधकामातले प्रकल्प आणि नुसती निविदा जिंकलेले प्रकल्प एकत्र असतात. निविदा जिंकूनही वीजखरेदी करार न झालेली हजारो मेगावॅट क्षमता देशात पडून राहिली आहे. पैसे कमावतात ते फक्त चालू मेगावॅट, त्यामुळे किंमत ठरवताना तेवढेच धरा.

पायरी २: देणेकरी तपासा

सौर-पवन प्रकल्पाची वीज बहुधा २५ वर्षांच्या वीजखरेदी कराराने विकलेली असते. दर निविदेत ठरतो. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाला २.४४ रुपये युनिट हा दर निघाला, तेव्हा देशभर चर्चा झाली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत तो १.९९ रुपयांवर आला. नंतरचे दर पुन्हा चढले. दर २५ वर्षं पक्का असेल तर कंपनीला वरकमाईची वाट नाही, आणि १.९९ रुपयांत घेतलेला प्रकल्प महाग पॅनेलांनी बांधावा लागला तर ती खोट २५ वर्षं पुरते.

करार कागदावर पक्का असतो, वसुली मात्र वेगळी गोष्ट. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये आधीच सही झालेल्या पवन-सौर करारांचे दर कमी करायला काढले. प्रकल्पांना अनेक महिने कमी दराने पैसे मिळत राहिले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ दरच मान्य केले, पण मधल्या काळातलं व्याज प्रकल्पांनाच सोसावं लागलं. २०२२च्या जूनमध्ये देशभरातल्या वितरण कंपन्यांची थकबाकी सुमारे १ लाख ४० हजार कोटींवर पोहोचली होती. मग केंद्राने विलंब अधिभाराचे नियम आणले: जुनी थकबाकी ४८ हप्त्यांपर्यंत फेडायची मुभा, आणि चालू देणं चुकवलं तर वीज बाजारातून खरेदी बंद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांच्या कंपन्यांवर ही बंदी खरोखर लागलीही. त्यानंतर वसुली बरीच सुधारली. कोणत्या वितरण कंपनीकडे किती येणं आहे हे केंद्राच्या 'प्राप्ती' पोर्टलवर पाहता येतं. शेअर घेण्याआधी त्या कंपनीचे मोठे ग्राहक तिथे जरूर शोधा.

ताळेबंदावरून हेच मोजायचं असेल तर ग्राहकांकडची येणी भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. उत्तर दिवसांत येतं. विक्री ३६५ कोटी आणि येणी ९० कोटी असतील तर ९० दिवस. एका वर्षाचा आकडा फार बोलत नाही, चार-पाच वर्षांचे शेजारी शेजारी मांडा. विक्री वाढते आहे आणि दिवसही वाढताहेत, असं दिसलं तर नफा कागदावर आहे आणि कंपनी कर्जावर चालते आहे.

पायरी ३: वीज बाजाराचा दर वाचायला शिका

इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर २००८ पासून वीज विकली जाते. तिथल्या 'डे-अहेड' बाजारात उद्याच्या विजेसाठी आज बोली लागते. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा निघतो. दर संकेतस्थळावर सर्वांना फुकट पाहता येतात.

आठवडाभर रोज एक काम करा: ९६ तुकड्यांच्या आलेखातून दुपारी १२चा, रात्री ८चा आणि पहाटे ३चा दर वहीत लिहा. दुपारी सौर वीज भरभरून येते आणि दर कोसळतो. सूर्य मावळल्यावर घरं, दुकानं, पंखे, एसी एकदम ओढतात आणि दर कमाल मर्यादेकडे धावतो. ही मर्यादा केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिल २०२३ पासून युनिटला १० रुपये ठेवली आहे. रविवारी आणि पावसाळी गार दिवशी काय होतं, तेही टिपा.

या वहीतून बरंच उलगडतं. निव्वळ सौर प्रकल्प स्वस्त वेळेत वीज विकतो, त्यामुळे करार नसलेली सौर क्षमता वाटते तितकी फायद्याची नसते. बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत प्रकल्प मात्र याच दरीवर जगतो. दुपारी पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. या फेऱ्यात सुमारे पाव भाग ऊर्जा वाया जाते. दुपारी २ रुपयांनी घेतलेली वीज संध्याकाळी मिळेपर्यंत २.६७ रुपयांची झालेली असते, आणि ८ रुपयांना विकली तर बांधकाम आणि व्याज धरण्याआधी युनिटला ५.३३ रुपये उरतात. सह्याद्रीचा कडा या कामासाठी उत्तम आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. भिवपुरी आणि शिरवता इथे मिळून २,८०० मेगावॅटसाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. पाणी आणि वीज दोन्ही एकाच गुंतवणुकीत हवी असेल तर खरी जागा ही. फक्त असे प्रकल्प बांधायला वर्षं जातात आणि तोवर बॅटऱ्या स्वस्त होत राहतात, हेही मनात ठेवा.

पायरी ४: साधन निवडा, कमी जोखमीपासून वर

स्वतःचं छत. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि विजेचं बिल मोठं येतं, त्याने शेअर बाजाराआधी याच गुंतवणुकीकडे पाहावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि रोज सरासरी ४ युनिटं मिळतात. समजा, तीन किलोवॅटला १,८०,००० रुपये लागले, अनुदान जाता १,०२,००० उरले. पावसाळा धरून वर्षाला ४,००० युनिटं झाली आणि तुमचं वाचणारं युनिट ८ रुपयांचं असेल तर ३२,००० रुपये वाचतात. तीन-सव्वातीन वर्षांत पैसे वसूल.

हिशेब बिघडतो तो अशा ठिकाणी: ज्या घराचा वापरच महिन्याला १०० युनिटं आहे, त्याचं वाचणारं युनिट सर्वांत स्वस्त टप्प्यातलं असतं आणि उरलेल्या विजेला वर्षअखेरीस फार कमी दर मिळतो. संच वापराएवढाच बसवा. अनुदानासाठी देशी बनावटीच्या सेलचे पॅनेल सक्तीचे आहेत, तेव्हा पावतीवर तसं लिहून घ्या. अनुदान संच चालू झाल्यानंतर खात्यात येतं, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम किंवा कर्ज तुमच्याकडे हवं. शेजारी बहुमजली इमारत उभी राहणार असेल तर सावलीचा विचार आधी करा.

विजेच्या उपकेंद्राजवळ पडीक जमीन असलेल्या शेतकऱ्याला आणखी एक वाट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देता येते: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. भाडेकरार नेमका कोणाशी होतोय, भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होतं आणि प्रकल्प रखडला तर जमीन कधी मोकळी होते, ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्या.

रोखे. इरेडा, आरईसी, पीएफसी या सरकारी वित्तसंस्था वीज प्रकल्पांना कर्ज देतात आणि त्यासाठी रोखे काढतात. जमीन किंवा घर विकून दीर्घकालीन नफा झाला असेल, तर सहा महिन्यांच्या आत '५४ईसी' या आयकर कलमाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवून कर वाचवता येतो. जुलै २०२५ पासून इरेडाचे रोखेही यात आले. मुदत पाच वर्षांची आणि व्याज कमी असतं, त्यामुळे कर वाचवायचा नसेल तर यात अर्थ नाही.

महापालिकांचे हरित रोखे हा मला सर्वांत समजण्याजोगा प्रकार वाटतो, कारण देणेकरी आणि काम दोन्ही डोळ्यांसमोर असतात. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी उभारले ते ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी शहरापर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेचं बिल त्यातून कमी करायचं होतं. व्याजदर ८.२५ टक्के होता आणि विक्री सामान्य लोकांनाही खुली होती. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी घेतले, पण ते मोठ्या संस्थांकडून. असा रोखा घेताना पतमानांकनासोबत एक गोष्ट पाहा: व्याज आणि मुद्दलासाठी महापालिकेचं उत्पन्न स्वतंत्र खात्यात आधीच बाजूला पडतं का? मुदतीआधी विकायला गेलात तर ग्राहक मिळेलच असं नाही, तेव्हा मुदतीपर्यंत लागणार नाहीत एवढेच पैसे घाला.

इन्व्हिट, म्हणजे पायाभूत सुविधांचा गुंतवणूक न्यास. इंडिग्रिड जून २०१७ मध्ये आणि पॉवरग्रिडचा न्यास मे २०२१ मध्ये बाजारात नोंदला गेला. न्यासाच्या हिश्श्यालाही युनिटच म्हणतात (विजेच्या युनिटाशी त्याचा संबंध नाही), आणि शेअरसारखं डीमॅट खात्यातून एक युनिटही घेता येतं. हातात आलेल्या वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के वाटणं सेबीच्या नियमाने बंधनकारक आहे. आंतरराज्य पारेषण वाहिनीला किती वीज गेली यावर पैसे मिळत नाहीत, वाहिनी उपलब्ध राहिली की मिळतात, आणि तेही देशभरातल्या वापरकर्त्यांकडून एकत्र गोळा होऊन. एखादं राज्य थकलं तरी फटका सगळ्यांत विभागला जातो. देणेकरी म्हणून ही रचना इथल्या इतर बहुतेक पर्यायांहून भक्कम आहे.

नवखे लोक चुकतात ते परताव्याच्या आकड्यात. १५० रुपयांच्या युनिटवर १५ रुपये आले की १० टक्के व्याज मिळालं, असं वाटतं. त्या १५ रुपयांत व्याज, लाभांश आणि भांडवलाची परतफेड असे वेगवेगळे भाग असतात. भांडवलाची परतफेड म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला. वाटपासोबत येणारी फोड वाचा, भांडवलाचा भाग वगळून टक्का काढा आणि मग मुदत ठेवीशी तुलना करा. न्यासाचं कर्ज मालमत्तेच्या किती टक्के आहे, हेही पाहा. कर्ज जास्त असेल तर नवे प्रकल्प घ्यायला नवी युनिटं विकावी लागतात.

पायरी ५: शेअर घेण्याआधी

पुण्याच्या सुझलॉनचा आलेख प्रत्येक नवख्याने एकदा नीट पाहावा. २००८च्या सुरुवातीला भाव चारशे रुपयांच्या पुढे होता. परदेशी कंपन्या विकत घेताना काढलेलं कर्ज अंगावर आलं, २०१२ मध्ये परकीय चलनातल्या रोख्यांची परतफेड चुकली आणि २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. पुढे कर्ज फिटलं आणि २०२४ मध्ये भाव ८० रुपयांवर गेला. त्या सगळ्या वर्षांत देशातली पवन ऊर्जा वाढतच होती. क्षेत्र वाढतं म्हणून कंपनी वाढेल, असा थेट संबंध नसतो.

जेन्सोल इंजिनिअरिंगचं प्रकरण दुसऱ्या जातीचं आहे. सौर प्रकल्प उभारणीतून पुढे आलेल्या या कंपनीने इरेडा आणि पीएफसीकडून विद्युत वाहनांसाठी घेतलेलं कर्ज प्रवर्तकांनी इतरत्र वळवल्याचं सेबीने एप्रिल २०२५च्या अंतरिम आदेशात म्हटलं. त्याआधी प्रवर्तकांचा हिस्सा सतत घटत होता आणि बरेचसे शेअर गहाण होते. हे दोन्ही आकडे दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतात. पाहायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून वार्षिक अहवाल हातात घेतला की सर्वांत आधी कर्ज आणि त्याच्या परतफेडीचं वेळापत्रक, मग येण्यांचे दिवस, गहाण शेअर, आणि बांधकामात अडकलेलं भांडवल जे वर्षानुवर्षं तसंच पडून आहे का, ते पाहा. उत्पादक कंपनी असेल, म्हणजे पॅनेल किंवा पवनचक्क्या बनवणारी, तर आयातीवरचं शुल्क आणि देशी मालाची सक्ती यांवर नफा किती टेकला आहे ते तपासा. इरेडासारखी कर्ज देणारी संस्था असेल तर थकीत कर्जाचा टक्का. इरेडाचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विकला गेला, जुलै २०२४ मध्ये ३०० च्या वर गेला आणि नंतर बराच खाली आला. वर घेणाऱ्यांनी सौर ऊर्जेवर विश्वास ठेवला होता, पण हातात होती एक वित्तसंस्था, आणि तीही फार महाग भावात.

नियामकाची जोखीम वेगळी मोजा. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आयोगाने सर्व वीज बाजारांच्या बोली एकत्र करून एकच दर काढायचा निर्णय दिला आणि दुसऱ्या दिवशी इंडियन एनर्जी एक्स्चेंजचा शेअर एक चतुर्थांशाहून जास्त पडला. कंपनीला कर्ज नव्हतं आणि नफाही भरपूर होता. अशा धंद्यात एकाच शेअरवर मोठी रक्कम ठेवू नका.

पायरी ६: विजेचा वायदा

एमसीएक्स या वस्तू बाजाराने १० जुलै २०२५ रोजी आणि एनएसई या शेअर बाजाराने १४ जुलैला विजेचे मासिक वायदे सुरू केले. यात वीज हातात येत नाही, फरकाचे पैसे मिळतात किंवा जातात. एक लॉट (सौद्याचं सर्वांत छोटं माप) ५० मेगावॅट-तासांचा, म्हणजे ५०,००० युनिटांचा. भाव मेगावॅट-तासाला रुपयांत आणि एक रुपया हलला की ५० रुपयांचा फरक.

भाव ४,००० असेल तर लॉटची किंमत २ लाख. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची अनामत, किमान १० टक्के धरलं तर २०,००० रुपये, ब्रोकर बहुधा जास्त मागतो. आता भाव ६ टक्के उलटा गेला तर ४,००० चे ३,७६०, म्हणजे १२,००० रुपयांचा तोटा. एका दिवसात मार्जिनचा साठ टक्के भाग गेला आणि संध्याकाळपर्यंत भरपाईची मागणी आली. ती भरली नाही तर ब्रोकर सौदा कापतो, आणि नेमका वाईट भावात कापतो. लॉटमागे ५०-६० हजार मोकळे ठेवता येत नसतील तर या बाजारात उतरू नका.

वायद्याची शेवटची किंमत त्या महिन्यातल्या सर्व दिवसांच्या डे-अहेड दरांच्या सरासरीवर ठरते. त्याचा परिणाम व्यवहारात मोठा आहे. महिन्याच्या २० तारखेला दोन तृतीयांश उत्तर सगळ्यांना माहीत असतं. २२ तारखेला उष्णतेची लाट आली म्हणून घाईने खरेदी केली, तर त्या लाटेला उरलेल्या आठ दिवसांपुरतंच वजन आहे. म्हणून दररोज वहीत सरासरी चालवत ठेवा: आजवरची सरासरी, उरलेले दिवस आणि सध्याच्या भावाला पोहोचायला उरलेल्या दिवसांत दर किती निघावा लागेल. तो आकडा अशक्य वाटला तरच भाव चुकलेला असण्याची शक्यता आहे.

दर हलवणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: उत्तर भारतातलं तापमान, मोसमी पावसाची वाटचाल, पश्चिम आणि दक्षिणेतला वारा, औष्णिक केंद्रांतला कोळशाचा साठा, आणि ढग. वळीव पाऊस आला की एसी बंद होतात आणि दर एका रात्रीत पडतो. शिवाय कमाल दर आयोग ठरवतो, तो बदलला की सगळे अंदाज बदलतात. पहिले तीन महिने कागदावरच सौदे करा. खरा सौदा करताना एकच लॉट, जवळच्या महिन्याचा, कारण लांबच्या महिन्यांत ग्राहक-विक्रेते विरळ असतात आणि बाहेर पडताना भावातला फरक खिशातून जातो. हा बाजार मुळात वीजनिर्मात्यांच्या आणि वितरण कंपन्यांच्या बचावासाठी आहे. त्यांच्याकडे हवामानाचा अंदाज देणारी माणसं पगारावर असतात.

पायरी ७: पाण्याचं काय?

भारतात पाण्याचा वायदा नाही, पाण्याचा हक्क विकत घेऊन साठवायचा बाजारही नाही. महाराष्ट्रात २००५च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. ते शेती, उद्योग आणि शहरांसाठी ठोक पाण्याचे दर ठरवतं. त्या कायद्यात पाण्याचे हक्क आणि त्यांच्या हस्तांतरणाची कल्पना आहे, पण गुंतवणूकदाराला खरेदी करता येईल असं काही त्यातून उभं राहिलेलं नाही. कोणी तुम्हाला 'वॉटर ट्रेडिंग'चं भारतीय खातं उघडून देत असेल तर ती फसवणूक आहे.

परदेशात असे बाजार आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढला गेला. कायमचा हक्क वेगळा विकला जातो आणि त्या वर्षी वाट्याला आलेलं पाणी वेगळं. दुष्काळात वर्षाच्या पाण्याचा भाव शेकडो डॉलरवर जातो आणि ओल्या वर्षात कित्येक पटींनी पडतो. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०२१च्या अहवालात दलालांवर पुरेसे नियम नसल्याचं नोंदवलं. कॅलिफोर्नियाच्या पाणी निर्देशांकावर शिकागोच्या सीएमई या वायदे बाजाराने ७ डिसेंबर २०२० रोजी वायदा सुरू केला. एक करार १० एकर-फुटांचा, म्हणजे सुमारे सव्वा कोटी लिटरचा, आणि तोही फरकाच्या पैशांनी मिटणारा. उलाढाल फारच कमी राहिली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना तो तिथल्या ब्रोकरकडे मिळू शकतो. भारतात राहणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेतून परदेशी बाजारात मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. त्या योजनेतून परदेशी 'वॉटर' ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकले जाणारे फंड, घेता येतात. त्यांत पाणी नसतं, पंप, मीटर, पाइप आणि शुद्धीकरण बनवणाऱ्या कंपन्या असतात.

आपल्याकडेही पाण्यातली गुंतवणूक म्हणजे अशाच कंपन्या: चेन्नईची व्हीए टेक वाबाग, मुंबईची आयन एक्स्चेंज, पुण्याची किर्लोस्कर ब्रदर्स, जळगावची जैन इरिगेशन. इथे देणेकऱ्याचा प्रश्न विजेपेक्षाही तीव्र आहे. जलजीवन मिशनसाठी २०२४-२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ७०,१६३ कोटींची तरतूद होती, सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. पाइप टाकलेल्या, टाक्या बांधलेल्या कंत्राटदारांची बिलं अडकली आणि पाइप-पंप विकणाऱ्या कंपन्यांच्या तिमाही आकड्यांत ते उमटलं. योजना २०२८ पर्यंत वाढली, पण रखडलेल्या दिवसांचं व्याज कोणी भरून देत नाही. ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या कामांची यादी, कितीही मोठं असलं तरी त्याची ग्राहकनिहाय फोड मागा: जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय बँकेच्या निधीतलं काम किती, खासगी उद्योगांचं किती, राज्य योजनांचं किती. बांधून १०-१५ वर्षं चालवायची कंत्राटं असतील तर नियमित उत्पन्न मिळतं. नुसतं बांधून देण्याच्या कामात शेवटची १० टक्के रक्कम वर्षानुवर्षं अडकते.

पायरी ८: फसवणूक ओळखा, कागद जपा

सोलर पॅनेल किंवा जलविद्युत यंत्र 'भाड्याने' घ्या आणि रोज पैसे मिळवा, अशी अ‍ॅप टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरतात. पहिले काही दिवस खरोखर पैसे येतात, म्हणून लोक नातेवाइकांनाही आणतात, आणि मग अ‍ॅप बंद होतं. ६०० रुपयांवर रोज ३० रुपये देणारा प्रकल्प जगात कुठेही नाही. वरचा १०० मेगावॅटचा हिशेब पुन्हा पाहा. तिथे वर्षाची विक्रीच भांडवलाच्या १२ टक्के होती. पैसे देण्याआधी सेबीच्या यादीत नोंदणी क्रमांक तपासा, आणि पैसे व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर पहिल्या तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण खातं गोठवायला वेळ फार थोडा असतो.

शेअर एका वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर १.२५ लाखांपुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. रोख्यांच्या व्याजावर कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याने लागतो. विजेच्या वायद्यातला नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न समजला जातो, त्यासाठी वेगळं विवरणपत्र लागतं आणि तोटा दाखवला तरच पुढे ओढता येतो. इन्व्हिटच्या वाटपाची फोड दर वेळी ईमेलने येते. ती वर्षानुसार एका फोल्डरमध्ये ठेवा. भांडवलाची परतफेड तुमच्या खरेदी किमतीतून वजा होत जाते, आणि सात-आठ वर्षांनी युनिटं विकताना मूळ किंमत काय उरली हे त्या कागदांशिवाय तुमच्या सनदी लेखापालालाही काढता येणार नाही.